अक्काचं चालपत्र

माझ्या सख्ख्या बहिणीला एका यंत्रानं खोटारडी ठरवलं आणि पहिले पाच आठवडे मी यंत्राच्या बाजूनं होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे, आणि तेव्हा बाई स्वतः मात्र नामानिराळ्या राहिल्या असं कुणी म्हणायला नको.

मी डॉ. प्रयाग शिनगारे. लातूरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं शरीररचना शिकवते. माणूस चालतो कसा, हा माझा विषय. कुठला स्नायू कधी आखडतो, कुठला सांधा किती अंशांनी वळतो, यावर मी झोपेतही बोलू शकते, असं माझे विद्यार्थी म्हणतात. वर्गात बरेचजण झोपेतच ऐकतात, त्यामुळे फिटंफाट.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नाव कुशावर्ता. धारूरच्या डोंगरात आमचं गाव आहे. तिथून चार किलोमीटरवर मुलींचं वसतिगृह आहे, आणि तिथल्या एकशे चाळीस मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक अक्का एका मदतनीस बाईला हाताशी घेऊन करते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. विहीर खाली घळीत होती. दिवसाला बारा खेपा अक्कानं केल्या आणि मी ओट्यावर बसून अभ्यास केला. मीही अधूनमधून हंडा घेतला, नाही असं नाही; पण चौथीनंतर तिनं मला घळीत उतरू दिलं नाही. माझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ तिच्या डोक्यावरून आलेलं आहे.

जानेवारीत तिच्या डाव्या जांघेत दुखायला लागलं. पाऊल टेकलं की कळ. तालुक्याच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर बरा होता. त्याला शंका आली की मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असावा. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्येच दिसतो. पण एमआरआय काढायचा तर आधी चालपत्र पाहिजे.

चालपत्र म्हणजे काय, हे आता शेंबडं पोरही सांगेल, पण तीन वर्षांपूर्वी ते नवं होतं. तेव्हा एमआरआयच्या रांगा सहा-सहा महिन्यांच्या झाल्या होत्या. कंबर धरली, काढ एमआरआय. गुडघा वाजला, काढ एमआरआय. ज्यांना खरी गरज ते रांगेत मरत होते. म्हणून नियम आला की हाडासांध्याच्या दुखण्यासाठी एमआरआय आणि सक्तीची विश्रांती, दोन्ही चालपट्टीच्या चाचणीनंतरच मिळतील. चालपत्राचा क्रमांक घातल्याशिवाय एमआरआयचं यंत्र सुरूच होत नाही. सरकारी असो की खासगी, ओळखीचा असो की पाव्हण्याचा. नियमाचा हेतू चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही.

चालपट्टी म्हणजे बारा मीटर लांबीची रबरी पट्टी. तिच्या पोटात हजारो दाबमापक आणि भोवती सहा कॅमेरे. माणसानं तिच्यावरून तीनदा जायचं आणि यायचं. संगणक पावलांच्या दाबावरून आणि सांध्यांच्या कोनांवरून पायाच्या प्रत्येक स्नायूनं किती जोर लावला ते काढतो, एकतीस हजार रुग्णांच्या चालीशी ताडून बघतो आणि दोन ओळींचा निकाल देतो. पहिली ओळ वेदनेची, दुसरी बनावाची.

अक्काच्या कागदावर होतं: वेदना आढळली नाही. बनावाची शक्यता चौऱ्याण्णव टक्के.

हे यंत्र ज्यानं बनवलं तो ऋत्विज कानडे माझा विद्यार्थी. आणि यंत्राला चाल वाचायला कुणी शिकवलं? मी. त्याच्या ‘गतिवेध’ कंपनीच्या सल्लागार मंडळावर माझं नाव होतं. ‘माणसाचं तोंड खोटं बोलतं, स्नायू बोलत नाहीत’ हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला फेकत असे. त्यांनी ते माहितीपत्रकावर छापलं. मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

निकालाच्या दिवशी अक्काचा फोन आला, “पयाग, मशीन म्हनतंय मला काईच झालं न्हाई,” आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “मग बरंच आहे की अक्का. चांगली बातमी आहे.”

ती मग म्हणाली, “दुखतंय पर.”

“ताण असतो कधीकधी,” मी म्हणाले. “वयही झालं. जरा दमानं घे.”

आता हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

फेब्रुवारीत मी तिला लातूरला आणलं. मनात म्हटलं, तालुक्याच्या पट्टीत काही बिघाड असेल, आपल्या प्रयोगशाळेतल्या पट्टीवर चालवू. ऋत्विज स्वतः हजर राहिला. अक्कानं चपला काढल्या, पदर खोचला आणि ती चालली. मी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर माणूस दिसत नाही, नुसता हाडांचा निळा सांगाडा दिसतो. सांगाड्याचं डावं पाऊल उजव्यापेक्षा लवकर उचललं जात होतं, डाव्या टाचेवर भार कमी पडत होता. म्हणजे पाय लंगडत होते. पण धड आणि डोकं बघावं तर रेष आखल्यासारखं स्थिर.

इथं मला थोडं शिकवावं लागेल. कंटाळा करू नका, सगळं पुढचं यावरच उभं आहे.

आपण चालतो तेव्हा दर पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी कमरेचं हाड तराजूच्या दांडीसारखं एका खुब्यावर टेकलेलं असतं. दांडीच्या एका बाजूला सगळ्या शरीराचं वजन. दुसऱ्या बाजूला, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, तळहाताएवढा एक स्नायू. त्याला आम्ही ग्लुटियस मीडियस म्हणतो. वजनाच्या बाजूची दांडी लांब, स्नायूच्या बाजूची आखूड. म्हणून तोल राखायला त्या स्नायूला वजनाच्या दुपटीनं ओढावं लागतं, आणि या सगळ्या ओढाताणीत खुब्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट भार येतो. खुबा दुखत असेल तर माणूस कुणी न शिकवता एक युक्ती करतो. दुखऱ्या पायावर आला की धड त्याच बाजूला झुकवतो. वजन खुब्याच्या डोक्यावर येतं, दांडी आखूड होते, स्नायूला फारसं ओढावं लागत नाही आणि भार पुष्कळ हलका होतो. खुब्याचं खरं लंगडणं असं कमरेच्या वर दिसतं. डोकं दर पावलाला दुखऱ्या बाजूला डुलतं.

आणि सोंग करणारा? तो पाय ओढतो, पाऊल घाईनं उचलतो, पण धड झुकवायचं त्याला सुचत नाही. पाय लंगडे, डोकं स्थिर, म्हणजे सोंग. हे मी शिकवलं होतं. वर्गाला, ऋत्विजला, आणि ऋत्विजमार्फत यंत्राला.

म्हणजे अक्का माझ्याच धड्यातली खोटी रुग्ण होती. अगदी नमुनेदार.

ऋत्विज खाली बघून म्हणाला, “मॅडम, सॉरी. पुन्हा तेच आलंय.”

संध्याकाळी मी अक्कासमोर बसले आणि तिला विचारलं. कसं विचारलं तेही सांगते, कारण ते विसरायचा हक्क मला नाही. मी म्हणाले, “अक्का, तुला काम जड होतंय का? तसं असेल तर मोकळेपणानं सांग. त्यासाठी पाय दुखायची गरज नाही.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणी परकी बाई तिच्या घरात शिरले आहे. मग उठली आणि पिशवी भरायला लागली. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती गेली. चहाही घेतला नाही.

मार्चमध्ये गावाकडे एक लग्न होतं. खरं सांगायचं तर लग्न निमित्त होतं. अक्का फोन उचलत नव्हती, म्हणून मी गेले. दुपारी वसतिगृहावर पोचले तेव्हा मदतनीस बाईनं मला मुदपाकखान्याच्या ओसरीवर बसवलं आणि समोर लसणाची पाटी ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला असंच बसवतात, हाताला काम देऊन. मी अंगणाकडे पाठ करून लसूण सोलत बसले.

मागून पावलं ऐकू आली. अनवाणी, फरशीवर. टप्, मग थोडं थांबून टप-टप्, मग टप्. अठ्ठावीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे कान लगेच सांगतो. डावा खुबा, मनात म्हटलं, आणि चांगलाच दुखावलेला. कुणी तरी म्हातारी असेल, वाकून कलंडत येत असेल. मी वळून बघितलं.

अक्का होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वरणाचं मोठं पातेलं, गरम, काठोकाठ भरलेलं, वाफा निघत होत्या. चुलखंडातून जेवणघरात नेत होती. मी आल्याचं तिला माहीत नव्हतं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. पाय लंगडत होते आणि पातेलं जागचं हलत नव्हतं. वरणाचा एक थेंब बाहेर आला नाही.

मी लसूण सोलायची थांबले. रिकाम्या अंगणात, डोक्यावर उकळतं वरण घेऊन, कुणासाठी सोंग करेल कुणी?

मी तिच्या मागे गेले. पातेलं उतरवून घेतलं. तिला काही बोलू न देता तिच्या डाव्या खुब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चाल.” ती चालली. डावं पाऊल टेकलं की माझ्या तळव्याखाली तो स्नायू दगडासारखा आवळत होता आणि आवळता आवळता थरथरत होता. धड झुकवलं असतं तर त्याला सुटका मिळाली असती. ती झुकवत नव्हती. तिला झुकवताच येत नव्हतं. आई होती तेव्हापासून, वयाच्या सातव्या वर्षापासून, डोक्यावर भरलेला हंडा. धड कलंडलं की पाणी अंगावर आणि खेप पुन्हा. तिचं शरीर एकच गोष्ट पक्की शिकलं होतं: खाली काहीही होवो, कमरेच्या वर काही हलू द्यायचं नाही.

म्हणजे बघा. जी युक्ती दुनियेतले सगळे दुखरे खुबे करतात ती ही करत नव्हती. सगळा तिप्पट भार ती तडा गेलेल्या हाडावर सरळ घेत होती, दर पावलाला. तिला इतरांपेक्षा कमी नाही, जास्त दुखत होतं. आणि जे इतकं निमूट सोसलं, त्यालाच आम्ही बनाव म्हणालो.

“अक्का,” मी म्हणाले, “तुला खरंच दुखतंय.”

“व्हय,” ती म्हणाली. “जानेवारीपासून सांगायलेय.” आणि वाढपाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऋत्विजच्या ऑफिसात होते. त्याच्या टेबलावर अक्काच्या दोन्ही चाचण्यांचे आलेख पसरले. “हे बघ टाचेचे भार. चाळीस पावलं आणि सगळी एकसारखी लंगडी. सोंगाड्या चाळीस पावलं एकसारखी टाकू शकत नाही. आणि डोकं स्थिर आहे कारण ही बाई पन्नास वर्षं डोक्यावर वजन वाहते. तुझं यंत्र डोक्यावरून ओझं वाहणाऱ्या प्रत्येक बाईला खोटं ठरवतंय.”

मला वाटलं होतं तो चकित होईल. तो उठला, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसला.

“आम्हाला माहीत आहे, मॅडम.”

“काय माहीत आहे?”

“हेच. गेल्या दिवाळीच्या आसपास लक्षात आलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आहे. दीड वर्ष लागेल.”

“आणि तोपर्यंत?”

तो टेबलावरचे आलेख गोळा करायला लागला.

“यंत्र थांबव,” मी म्हणाले. “निदान या बायकांपुरतं थांबव. मोळी वाहणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या. त्यांच्या हाडांना तडे आहेत, ऋत्विज. त्यांना आपण कामावर परत पाठवतो आहोत.”

“थांबवलं तर आजवर दिलेली सगळी चालपत्रं संशयात येतील. अकरा लाख. नियमच मागे घ्यावा लागेल. मग पुन्हा त्या रांगा. तुम्हीच सांगितलं होतंत, कुठलीच चाचणी शंभर टक्के नसते.”

“मी ते वर्गात सांगितलं होतं. माणसांच्या जिवावर उदार व्हायला नाही सांगितलं.”

त्यानं कपाटातून एक फाइल काढली आणि एक पान माझ्यासमोर सरकवलं. त्याच्या चेहऱ्यावर खुनशीपणा नव्हता, हे कबूल करते. त्यालाही लाज वाटत होती. एकतीस हजार रुग्णांचा नमुना निवडताना कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं, त्याची ती यादी होती. वगळण्याचा चौथा निकष: साडी नेसलेल्या स्त्रिया.

आणि खाली माझी सही.

मला आठवलं. नमुना मोजताना कॅमेऱ्यांना सांधे दिसावेत म्हणून त्यांच्यावर चकत्या चिकटवाव्या लागत; आताच्या यंत्राला त्या लागत नाहीत. साडीत गुडघा दिसत नाही, चकती टिकत नाही. पायजमा घाला म्हटलं की या बायका लाजून परत जात. कामाला उशीर होत होता. मी म्हणाले होते, सोडा त्यांना, चाल काय सगळ्यांची सारखीच. घळीतून वर आलेल्या मुलीनं हे म्हटलं होतं. मग नमुन्यात कोण आलं? शहरातले पुरुष, कॉलेजातल्या मुली, पॅन्ट घालणाऱ्या बाया. ज्यांच्या डोक्यानं टोपीपेक्षा जड काही उचललेलं नाही.

“हा दोष माझा आहे,” मी म्हणाले. “पण दिवाळीपासून माहीत असून गप्प बसणं तुझं आहे. हे तुला कुणी शिकवलं?”

त्यानं फाइल मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, त्यांची तिसरी चाचणी बाकी आहे ना? तीनदा नापास झालं की वर्षभर पुन्हा चाचणी नाही. त्यांना लंगडायला शिकवा. धड झुकवायला. तालुक्यातले फिजिओ शिकवतात सगळे. आम्ही काणाडोळा करतो.”

मी ते पान उचललं आणि त्या खोलीतून बाहेर आले. खरं दुखणं असलेल्या बाईनं खोटं लंगडायला शिकायचं, ते शिकवायचं तिच्या बहिणीनं, आणि खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या मालकानं त्याकडे काणाडोळा करायचा. अशी उपकाराची भाषा ऐकून कुणाच्या अंगाची आग होणार नाही?

पण वेळ नव्हता. तडा वाढत जाऊन हाड मोडलं की मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ते डोकं वाळून जातं. आज तीन स्क्रूंवर भागणारं काम मग भागत नाही. मी त्याच दिवशी परत गावाकडे गेले.

“न्हाई,” अक्का म्हणाली.

“अक्का, ऐक तर.”

“खरं दुखतंय तर खोटं कामून लंगडू? मी काय तमाशातली हाय?”

“नाहीस. पण हाड मोडेल. मग तू उभी राहायची नाहीस.”

“मंग मोडू दे. डाक्टरनी, तूच म्हनलीस ना, काम जड व्हतंय का? मोडलं की आपसूक सुटंल.”

मला हे ऐकून घेणं भाग होतं आणि मी ऐकून घेतलं. मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. चौथा निकष, सही, दिवाळीपासूनचं गप्प बसणं, सगळं. ती भाकरीचं पीठ मळत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “म्हंजी साडी नेसती म्हनून मला मोजलंच न्हाई.”

“हो.”

“तू पन न्हाई मोजलं.”

“मीही नाही.”

तिनं पीठ झाकून ठेवलं. “दाव,” ती म्हणाली. “कसं करायचं त्ये दाव.”

आठ दिवस आम्ही वसतिगृहाच्या मागच्या पडवीत सराव केला. मी शिकवत होते: डावा पाय टेकला की खांदा डावीकडे, डोकं त्याच्या मागे. तिला ते जमेना. दोन पावलं झुके आणि तिसऱ्याला मान आपोआप ताठ. मी तिचे खांदे धरून डोलवत होते आणि ती हात झिडकारत होती. मदतनीस बाई हसून हसून बेजार. चौथ्या दिवशी अक्का रडायला लागली, दुखतं म्हणून नव्हे. “असं डुलत ठकूकाकू चालायची,” ती म्हणाली. “पोरं मागं लागायची. तू पन लागायचीस. मी तुला हानलं व्हतं त्याच्यापायी.” ठकूकाकू आमच्या गल्लीतली, जन्मापासून खुबा निखळलेली. मला मार आठवत नव्हता. तिला आठवत होता.

चाचणीच्या दिवशी तिनं अट घातली की मी समोर थांबायचं नाही. “तुझ्यासमोर मला खोटं जमायचं न्हाई.” म्हणून मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसले. निळा सांगाडा पट्टीवर आला. क्षणभर ताठ उभा राहिला. मग चालू लागला. मी शिकवलेलं ते नव्हतंच. ती हुबेहूब ठकूकाकू होती. तोच डावीकडचा झोका, तीच मागे राहणारी मान, तोच वर फेकलेला उजवा खांदा. अक्कानं ती चाल इतकी वर्षं मनात जपून ठेवली असणार, चेष्टेसाठी नव्हे, कणवेनं. तीनदा ती गेली आणि आली.

कागद बाहेर आला: वेदना तीव्र. प्रामाणिकपणा अठ्ठ्याण्णव टक्के.

अक्कानं तो माझ्याकडून वाचून घेतला. पुन्हा एकदा वाच म्हणाली. मग घडी घालून चोळीत ठेवला. आयुष्यात एकदा खोटं वागली आणि त्याचंच तिला प्रमाणपत्र मिळालं.

एमआरआय दोन तासांत झाला. हाडाच्या मानेतला तडा अर्ध्याच्या पुढे गेला होता. सर्जननं फोटो बघितला आणि मला विचारलं, “ही बाई परवापर्यंत उभ्यानं स्वयंपाक करत होती?” मी हो म्हणाले. “कशी?” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन स्क्रू बसवले. हाड सरकलेलं नव्हतं, रक्तपुरवठा शाबूत होता. पाय वाचला.

तिथून पुढे मी काय केलं, असं विचाराल. सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. चौथ्या निकषाचं पान माझ्या सहीसकट छापून मागच्या बाजूला चूक कशी झाली ते लिहिलं आणि मंत्रालयापासून तालुक्याच्या फिजिओपर्यंत सगळ्यांना पाठवलं. मंत्रालयाचं उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. कॉलेजनं विचारलं, संस्थेचं नाव कशाला गोवता? ऋत्विजनं फोन केला नाही. पण त्याच्या प्रशिक्षणवर्गाला गेलेल्या एका मुलीनं सांगितलं की तिथं खऱ्या वेदनेचा नमुना म्हणून एक निळा सांगाडा दाखवतात, स्त्री, वय अठ्ठावन्न, डावा खुबा, आणि सगळ्यांनी तो नीट बघून ठेवावा असं सांगतात. मी तिला विचारलं, डावीकडे झोका आणि उजवा खांदा वर? ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत?

आता शनिवार-रविवार मी गावोगाव जाते. बायकांना त्यांच्या साडीतच, त्यांच्या घागरीसकट चालवते आणि मोजते. चकत्या साडीवरून टाचतो, गुडघ्याचा कोन अंदाजानं येतो, येऊ दे. सहाशे झाल्या आहेत. एकतीस हजारांपुढे हे काय, असं ऋत्विजचे लोक म्हणतात. आणि मध्ये ज्यांना चाचणी द्यायची असते त्यांना मी धड झुकवायला शिकवते. उघडपणे शिकवते. कुणाला माझ्यावर गुन्हा घालायचा असेल तर त्यांनी खुशाल घालावा. निदान कोर्टात तरी कुणी त्या बायकांचं ऐकेल.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात अक्काला काठीवर चालवायचं होतं. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात मी तिच्याबरोबर होते. काठी उजव्या हातात दिली, कशी टेकायची ते सांगितलं, थोडं झुकलीस तरी चालेल म्हणाले. ती झुकली नाही. मान ताठ, नजर समोर. शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकानं म्हणाली, बघा कशी चालतीय, काहीच झालं नव्हतं जणू.

“अक्का, दुखतंय का?” मी विचारलं.

ती चालायची थांबली नाही. “मला कामून विचारतीस? तुझ्या पट्टीला विचार.”

ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत यायला लागली. मी तिच्या बाजूनं चालत होते. डोकं जागचं हलत नव्हतं. मी पुन्हा विचारलं. ती चालत राहिली. आणखी दहा पावलांनी मी तिसऱ्यांदा विचारलं.

“लई दुखतंय, पयाग,” ती म्हणाली.

मी तिच्या पायांकडे बघितलं नाही. तिला बाकावर बसवलं आणि तिच्या शेजारी बसले.